उजळून घेतलेला बिल्ला

मी रागीट आहे हे आमच्या घरात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. माझा नवरा नागपूरचा, स्वभावानं थंड. तो म्हणतो, "तू रागातच राहतेस, अधूनमधून फक्त चहा प्यायला बाहेर येतेस." म्हणू दे. पण गेल्या वर्षी पितृपक्षात जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

अमेरिकेत हर्नडनमधल्या आमच्या घरात देवघर आहे ते स्वयंपाकघराशेजारच्या पँट्रीत, तांदळाच्या पोत्याच्या वरच्या फळीवर. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक गणपती, आणि त्यांच्या शेजारी पितळेचा एक बिल्ला. लष्करी टोपीवर लावतात तसला. तो माझ्या आजोबांचा टाक आहे.

टाक म्हणजे काय हे आता आपल्याच लोकांना सांगावं लागतं. चांदीच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर देवाची आकृती ठोकून उठवतात, तो टाक. कुलदेवीचा असतो, खंडोबाचा असतो. घरातला पुरुष अवेळी गेला, लढाईत गेला, तर त्याचाही टाक करून देवांच्या ओळीत बसवतात. त्याला वीर म्हणायचं. माझे आजोबा साताऱ्याकडच्या एका खेड्यातून इंग्रजांच्या मराठा पलटणीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत मेले. प्रेत आलं नाही, राख आली नाही. युद्ध संपल्यावर गावातलाच एक शिपाई परत आला, त्यानं रुमालात बांधून हा बिल्ला आणला आणि आजीच्या पुढ्यात ठेवला. आजी तेव्हा बावीस वर्षांची होती आणि माझे वडील तीन वर्षांचे.

आजीनं तो धुतला, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवला. तिचे थोरले दीर म्हणाले, "अगं, हा सरकारी बिल्ला. देवात काय ठेवतेस?" आजी म्हणाली, "मग सरकारला म्हणावं माणूस आणून द्या आणि बिल्ला घेऊन जा." पुन्हा कुणी विचारलं नाही. हा संवाद आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की मला तो मी स्वतः ऐकल्यासारखा वाटतो.

नवरात्राच्या आधी आजी अंगणात देव घासायला बसायची. चिंच आणि मीठ. आम्ही भावंडं घंटा, समया, निरांजनं घासायचो. आजोबांना मात्र ती कुणाला हात लावू द्यायची नाही. त्यांना शेवटी घ्यायची आणि सगळ्या देवांना मिळून लागला नसेल इतका वेळ त्यांना घासत बसायची. चिंचेनं समाधान व्हायचं नाही, तेव्हा कौलाचा तुकडा घ्यायची. ओठ घट्ट मिटलेले, मान खाली, अंगठा एकसारखा चाललेला. आई दारातून बघायची आणि पदरानं डोळे पुसायची. "किती जीव होता बघ त्यांच्यावर," असं मला म्हणायची. मीही तेच धरून चालले.

माझ्या लहानपणापर्यंत त्या बिल्ल्यावर वरच्या बाजूला एक गुळगुळीत गोटा उरला होता. त्याखाली एक वाकडं शिंग आणि सगळ्यात खाली झिजलेली इंग्रजी अक्षरं. आम्हा मुलांना ते चित्र म्हणजे आजोबांचा चेहराच वाटायचा. वरचा गोटा म्हणजे त्यांचं तुळतुळीत डोकं आणि शिंग म्हणजे मिशा. फोटो एकही नव्हता, तेव्हा आजोबा असेच दिसत असणार. एकदा मी हे आजीला सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "हां, असंच होतं तुझं आजोबा," म्हणाली.

आई गेल्यावर देव भावाकडे गेले. तो पुण्यात असतो. बाकी सगळे देव त्यानं नेले आणि बिल्ला हातात धरून म्हणाला, "हा काही देव नाही गं. मी शोकेसमध्ये ठेवतो." मी त्याच्या हातातून तो हिसकावून घेतला आणि पर्समध्ये टाकला. विमानतळावर तपासणीच्या माणसानं विचारलं हे काय आहे, तर मी म्हटलं, माझे आजोबा. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि पर्स परत दिली.

तर आता मंडळ. आमच्या भागातल्या मराठी मंडळानं वारसा प्रदर्शन भरवायचं ठरवलं. सभागृह स्वस्तात मिळालं ते नेमकं पितृपंधरवड्यात. अमेरिकेत पितर कोण पाळतो, असं म्हणून तारीख ठरली. सेक्रेटरी पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले, क्लाउडमधले मोठे आर्किटेक्ट, बोलायला गोड आणि आपलं कधी चुकेल ही शंकाही मनाला न शिवलेले. त्यांना कुठून तरी कळलं की माझ्याकडे पलटणीचा बिल्ला आहे. शिवाय त्यांच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि ब्रिटिश सैन्याचे बिल्ले जमवतात. ते आपला संग्रह मांडायला तयार होते.

"ताई, इमॅजिन करा ना," सेक्रेटरी माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "त्यांच्या शंभर बॅजेसमध्ये आपला एक मराठा बॅज. सेंटरपीस!"

मला द्यायचा नव्हता. सतरा वर्षांची माझी मुलगी म्हणाली, "आई, लेट पीपल सी हिम." हिम म्हणाली, इट नाही म्हणाली, म्हणून मी विरघळले. सेक्रेटरींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत आजोबांना घातलं. मग उजेडाकडे धरून बघितलं आणि विचारलं, "फार मळलाय हो. उजळून घेऊ का जरा?"

मी पोळ्या लाटत होते. हात पिठाचे. म्हटलं, "घ्या की उजळून."

हे माझ्या तोंडचे शब्द आहेत आणि मला ते नाकारता येत नाहीत. पण उजळणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात टाक आहेत त्याला विचारा. घरात लग्न असलं, मुंज असली की टाक सोनाराकडे उजळायला नेतात. सोनार मळी काढतो, पुसतो, परत देतो. देवीला नवं नाक काढून देत नाही. मला वाटलं, माणूस लिंबू लावेल, फार तर दुकानातलं पॉलिश. पुण्याचा माणूस, मराठीच शब्द वापरला त्यानं. मी का म्हणून शंका घेऊ?

पितृपक्षात आजोबांच्या तिथीला पानाशेजारी ठेवायला ते घरात नव्हते. मी फोन केला, तर सेक्रेटरी म्हणाले, "ताई, डिस्प्लेचं काम चाललंय, एक्झिबिशनला डायरेक्ट बघा. सरप्राइज आहे." मला सरप्राइज या शब्दाची तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

प्रदर्शन सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, शनिवारी होतं. सभागृहात एका बाजूला पैठण्या, पितळेचे डबे, अडकित्ते, आणि एका काकूंनी आणलेली पाटावरवंट्याची जोडी, जिच्याजवळ सगळे सेल्फी काढत होते. कोपऱ्यात वडापाव. आणि मधोमध त्या अमेरिकन आजोबांचे बिल्ले, काळ्या मखमलीवर ओळीनं लावलेले. माणूस साधा, हडकुळा, हातात भिंग. येणाऱ्या प्रत्येकाला तितक्याच उत्साहानं समजावून सांगत होता. मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण त्यानं तशी संधीच दिली नाही.

त्याच्याकडूनच मला कळलं की ते शिंग मुळात जर्मनीतल्या शिकाऱ्यांचं. जंगलात विखरून शिकार करणाऱ्यांना ढोल ऐकू येत नाही, शिंग ऐकू येतं. मग पुढे धावणाऱ्या, विखरून लढणाऱ्या हलक्या पलटणींना इशारे शिंगानं द्यायला लागले आणि तेच त्यांच्या टोपीवर बसलं. माझ्या आजोबांच्या मिशा कुठल्यातरी जर्मन शिकाऱ्याच्या निघाल्या, आणि ते मेले जर्मनांशीच लढताना. शेजारच्या बिल्ल्यावर युवराजाची तीन पिसं, त्याखाली जर्मनमध्येच लिहिलेलं, मी चाकरी करतो. एकावर स्फिंक्स, म्हणजे ती पलटण इजिप्तमध्ये लढली. एकावर वाघ, म्हणजे तिनं हिंदुस्थानात कामगिरी केली. कामगिरी! ज्याच्या घरात शिरून कामगिरी केली त्याचं जनावर टोपीवर मिरवायचं. मी ओळीनं बघत गेले आणि माझं डोकं तापत गेलं. आणि बहुतेकांच्या डोक्यावर मुकुट. तो गृहस्थ सांगत होता, मुकुटाच्या कमानी बघा, राजाचा मुकुट वेगळा, पुढे राणी आल्यावर वेगळा, त्यावरून बिल्ल्याचा काळ कळतो. म्हणजे शिपाई कुठल्या साली मेला ते राजाच्या टोपीवरून ओळखायचं.

इतक्यात सेक्रेटरींनी माइक घेतला. स्वागत झालं, आभार झाले, मग म्हणाले, "फ्रेंड्स, आपण म्हणतो आपण ग्लोबल झालो. पण आपले आजोबा-पणजोबा तेव्हाच इटलीला, आफ्रिकेला जाऊन आले होते. तेच आपले पहिले ऑनसाइटवाले!" सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा एक तरुण म्हणाला, "विदाउट व्हिसा स्टँपिंग, यार," आणि पुन्हा हसू फुटलं.

मला हसणाऱ्यांपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला, कारण पहिल्या क्षणी मीही हसले होते. मी इथं कामावर जाते तेव्हा माझ्याही गळ्यात बिल्ला असतो. कंत्राटावरच्या माणसांची पट्टी वेगळ्या रंगाची, म्हणजे लांबूनच कळावं. पण मी संध्याकाळी तो काढून गाडीत फेकते आणि जिवंत घरी येते. कंपनीनं परदेशी कामाला पाठवलेला, ऑनसाइट गेलेला माणूस परत येतो हो. आजोबांना कुणी परतीचं तिकीट दिलं होतं का?

मग मी मधल्या काचेच्या पेटीपाशी गेले. आत निळ्या मखमलीवर एक सोनेरी बिल्ला चमकत होता. खाली कार्ड: 'ब्रिटिश सैन्यातील मराठा शौर्याचा मानबिंदू.' मला वाटलं त्या अमेरिकन माणसाचा असेल. शिंग कोरीव, दोरी पीळदार, अक्षरं टोकदार, 'मराठा' या आपल्या नावाच्या स्पेलिंगचे इंग्रजांनी केलेले हाल स्पष्ट वाचता येतील इतकी टोकदार. आणि शिंगाच्या वर मुकुट. कमानींचा, मण्यांचा, माथ्यावर क्रूस असलेला झगझगीत मुकुट. मी आजूबाजूला आमचा बिल्ला शोधायला लागले. मग त्याच कार्डावर लहान अक्षरांत माझं नाव दिसलं.

"कसा वाटला?" सेक्रेटरी मागून आले. "ताई, ओळखलाच नाहीत ना? मेडल्स रिस्टोअर करणारा एक माणूस आहे इथं पुढच्या काउंटीत. वरचा भाग पूर्ण गेला होता हो. त्यानं ओरिजिनलचे फोटो बघून धातू भरला, क्राउन परत कोरला, वर गोल्ड प्लेटिंग. एक्झॅक्ट जसा होता तसा!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, उजळून घ्या."

"उजळा म्हटलं होतं! राजा बसवा म्हटलं नव्हतं माझ्या आजोबांच्या डोक्यावर!"

वडापावच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. नवरा लांबून येताना दिसला, पण मला आता कुणीही थांबवू शकणार नव्हतं. मी म्हटलं, तो टाक आहे, आमचा वीर आहे, त्याला आम्ही सत्तर-ऐंशी वर्षं पुजतोय, आणि तुम्ही त्याला नाटकातल्या राजाचं सोंग चढवलंत. सेक्रेटरी म्हणाले, "टाक आहे हे तुम्ही बोलला नाहीत. आम्हाला वाटलं बॅज आहे. आणि ताई, झिजलेलाच तर होता. डॅमेज रिपेअर केलं, त्यात एवढं इमोशनल काय?"

तेव्हा तो अमेरिकन गृहस्थ भिंग हातात घेऊन आमच्यापाशी आला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण भांडण कुठल्या पेटीवरून चाललंय ते कळत होतं. तो मला म्हणाला, मला फार वाईट वाटतं, मी यांना सांगितलं होतं याला हात लावू नका. सेक्रेटरी जमिनीकडे बघायला लागले.

मग त्यानं आपला फोन काढला. सेक्रेटरींनी बिल्ला पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यानं फोटो काढून ठेवले होते. एक फोटो मोठा करून त्यानं माझ्यासमोर धरला. तोच गोटा. माझ्या आजोबांचं डोकं. तो सांगायला लागला आणि मी ऐकत राहिले. घासूनपुसून झिजलेले बिल्ले मी हजारांनी पाहिलेत, म्हणाला. ते सगळीकडून सारखे झिजतात, उंच भाग आधी, खोल भाग मागाहून. तुमच्या बिल्ल्यावर शिंग तसंच झिजलंय, अक्षरंही तशीच. मुकुट तसा झिजलेला नाही. इथं बघा, सगळे ओरखडे एकाच दिशेचे आणि फक्त एवढ्याच भागात. खरखरीत काहीतरी घेऊन कुणीतरी हा मुकुट मुद्दाम काढलाय. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं बसून. तुमचा देश स्वतंत्र झाल्यावर तुमच्या सैन्यानं बिल्ल्यावरचा मुकुट काढून सिंह बसवले ते मला माहीत आहे. पण हे सरकारी काम नाही. हे घरी केलेलं आहे. आणि तिथं दुसरं काहीच बसवलेलं नाही.

कौलाचा तुकडा. मिटलेले ओठ. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती आणि आम्ही सगळे किती मूर्ख होतो. आजी नवऱ्याला कुरवाळत नव्हती, ती त्याच्या डोक्यावरून राजाला खरवडत होती. दर वर्षी थोडाथोडा, आणि कुणाला एका शब्दानं न सांगता. तिला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा उठवायची. त्याच अंगठ्यानं तिला जे म्हणायचं होतं ते तिनं पितळेवर म्हणून ठेवलं होतं, आणि ते मला पहिल्यांदा वाचता आलं तेव्हा ते धातू भरून बुजवलेलं होतं. माझ्या परवानगीनं.

"ताई," सेक्रेटरी हळूच म्हणाले, "मी त्याला सांगून ते क्राउन परत घासून घेऊ का?"

त्या माणसाला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. पेटी उघडायला लावली, बिल्ला घेतला आणि निघाले. अमेरिकन गृहस्थानं ते फोटो मला पाठवले. मंडळाच्या ग्रुपवर नंतर एक संदेश आला की काही गैरसमजातून अप्रिय प्रसंग घडला, सर्वांनी पॉझिटिव्ह राहावं. मी ग्रुप सोडला.

रविवारी सर्वपित्रीचा स्वयंपाक केला. सोमवारी घटस्थापना. आमच्याकडे घट बसले की देव नऊ दिवस विड्याच्या पानावर बसतात, हलवत नाहीत. म्हणजे आजोबांना बसवायचं की नाही हे सकाळी कामावर लॉगिन करायच्या आधी ठरवायला हवं होतं. त्यांना बसवलं तर नऊ दिवस मी इंग्रजांच्या राजाला फुलं वाहणार. नाही बसवलं तर आजीनं देवात ठेवल्यापासून पहिल्यांदा त्यांची जागा मोकळी राहणार.

नवऱ्यानं गॅरेजमधून कानस आणून ओट्यावर ठेवली. "घास आणि मोकळी हो," म्हणाला. मी घेतली. मुकुटावर टेकवली. दोन हात मारले असते तर क्रूस गेला असता, दहा मिनिटांत सगळा मुकुट गेला असता. पण दहा मिनिटांत जे जातं ते आजीचं कसं म्हणायचं? तिला आयुष्य लागलं होतं. मी घासलं असतं तर तो माझा राग झाला असता, आणि माझा राग मंडळाच्या सेक्रेटरीवरचा, क्लाउडवाल्यावरचा. त्याला आजीच्या रागाच्या जागी बसवायची माझी छाती झाली नाही. कानस मी ठेवून दिली.

मग मी बिल्ला पालथा केला. मागची बाजू त्या कारागिरानं उजळली नव्हती, कारण ती पेटीत दिसणार नव्हती. काळपट, खडबडीत, जुनं हळदकुंकू खाचेत बसलेलं. पानावर तांदूळ पसरले, त्यात मुकुट दाबून बिल्ला पालथा बसवला आणि पाठीवर हळद लावली.

मुलगी शाळेला निघता निघता पँट्रीत डोकावली. "आई, व्हाय इज ही अपसाइड डाउन?"

म्हटलं, "आजोबा सरळच आहेत. पालथा राजा आहे."